चाचांची माकडटोपी

मे महिन्यात महाडला सावलीत उभं राहिलं तरी घामाची धार लागते. त्या दिवसांत आमचे चाचा गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर आणि डोक्याला तपकिरी माकडटोपी घालून कंपनीच्या बसमध्ये चढायचे. चेहऱ्याचा उघडा भाग म्हणजे दोन डोळे, नाक आणि पांढऱ्या दाढीचा एक झुपका. ड्रायव्हर रोज न चुकता विचारायचा, "चाचा, आज काश्मीर का कुलू-मनाली?" आणि चाचा रोज न चुकता सांगायचे, "तू गाडी हाक रे. तुझं तोंड गरम हाय, इंजिन थंड हाय. उलटं पायजे."

मी तेव्हा नुकतीच कामाला लागले होते. गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, उमरठच्या रस्त्यावर. राहायला बिरवाडीत भाड्याची खोली. हातात बीएस्सीची डिग्री आणि डोक्यात भलतीच हवा. पहिल्याच आठवड्यात चाचा गेटवर बसमधून उतरले तशी मी त्यांना शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, "चाचा, थंडी कोल्डरूममध्ये आहे, बसमध्ये नाही. स्वेटर तिथे पोचल्यावर घाला ना."

"नाय गो. थंडीत एकदम शिरलं तर अंगाला धक्का बसतो. थंडी घरनंच सुरू करायची."

"पण घाम किती आलाय तुम्हाला!"

"घाम माझा हाय ना? मंग तुला काय त्याचं?"

यावर बीएस्सीत उत्तर शिकवलेलं नव्हतं.

आमची कंपनी बिरवाडीला लागूनच, एमआयडीसीत. आंबा, कोवळा फणस, भेंडी, खवलेला नारळ असं काय काय आम्ही कापून, गोठवून, खोक्यांत भरून समुद्रमार्गे आखातात पाठवायचो. तिकडच्या दुकानांत आपल्याकडची माणसं ते विकत घेतात आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी फणसाची भाजी करतात. हा सगळा माल उणे अठरा अंशांवर ठेवायचा आणि उणे अठरावरच न्यायचा. त्यासाठी ट्रेलरवर कंटेनर येतो. कंटेनर म्हणजे एखाद्या खोलीएवढा फ्रिज असं समजा. पुढे यंत्र, मागे दोन पाखी दार. अंगणात उभा असला की कंपनीच्या विजेवर, रस्त्याला लागला की ट्रेलरच्या जनरेटरवर आणि जहाजावर चढला की जहाजाच्या विजेवर तो चालतो. वीज तुटली की आतला जीव टांगणीला. या कोल्डरूमचे आणि कंटेनरचे सर्वेसर्वा म्हणजे चाचा. शेठ मालक होते खरे, पण कोल्डरूमच्या दाराशी आले की तेसुद्धा बूट काढल्यासारखे जरा बिचकून उभे राहायचे.

चाचा महाडचेच. तरुणपणी जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. डेकवर रचलेल्या अशाच कंटेनरांची नाडी बघत फिरायचं, हे त्यांचं काम. समुद्र खवळलेला असो नाहीतर शांत असो, प्रत्येक डब्याला कान लावायचा. ती सवय त्यांना जमिनीवरही सुटली नव्हती. कंटेनर आला की आधी त्याच्याभोवती एक फेरी, मग पत्र्यावर थाप, मग यंत्राला कान. "सर्दी झालेय हिला," असं म्हणून त्यांनी एकदा एक अख्खा रिकामा कंटेनर परत पाठवला होता. ट्रान्सपोर्टवाला शिव्या देत गेला. त्या कंटेनरचा गॅस गळत होता हे नंतर कळलं, पण चाचांनी त्याचं भांडवल केलं नाही. म्हणजे, आठवडाभरच केलं.

हो, फुशारकी त्यांच्या अंगात भरपूर होती. उगाच साधे, भोळे वगैरे म्हणणार नाही मी. चहाच्या वेळी समोर कोणीही असो, कोणत्या बंदरात कोणत्या कप्तानानं त्यांचा हात धरून आभार मानले ते ऐकावंच लागायचं. आणि आवाज! कोल्डरूमचं दार कुणी जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की आतून गर्जना यायची.

"दार लाव! बाहेरची हवा तुझ्या बापाची हाय, आतली माझी हाय!"

हे वाक्य शेठपासून हमालापर्यंत प्रत्येकानं खाल्लं होतं. एकदा फॅक्टरी इन्स्पेक्टरनंही खाल्लं. दार उघडं दिसलं की चाचांना पुढचं काही दिसायचं नाही, माणूसही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि एवढ्या थंडीच्या माणसाला थंड खाणं-पिणं वर्ज्य. बर्फाचं पाणी पीत नसत, आइस्क्रीमला 'दातांची सजा' म्हणत. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसांचा सागर लोटतो, त्या दिवशी चाचा सुट्टी टाकून तळ्याच्या रस्त्यावर स्वतःच्या दारात माठ मांडून बसायचे, येईल त्याच्या हातात तांब्या द्यायचे. मी एकदा म्हटलं, "कंपनीतून बर्फाची लादी पाठवू का?" तर म्हणाले, "लांबून आलेल्या माणसाला पाणी पाण्यासारखं द्यावं. बर्फ घालून त्याचा घसा कशाला धरायचा?"

घरी फ्रिज होता. मस्कतला दिलेल्या लेकीनं हट्टानं घेऊन दिलेला, चांगला उंच, दोन दारांचा. चाचांनी त्याची वायर कधी जोडलीच नाही. चाची मला सांगताना हसूही आवरेना आणि रागही. "वरच्या खणात ह्यांचे कागद, खाली कपडे, भाजीच्या टोपल्यात मोजे! डांबरगोळ्या टाकून ठेवल्यात आत. शेजारीण कोथिंबीर ठेवायला आली ती वास घेऊनच परत गेली." चाचांचं म्हणणं एकच. जो माल दूर जायचाय त्याला थंडी. घरात दोन माणसं, बाजार शेजारी, ताजं आणा आणि ताजं खा. आपण कुठं जहाजावर चाललोय?

मला हे सगळं आठवतं तेव्हा हसू येतं. मला चाचा फार आवडायचे. सांगून टाकलेलं बरं.

आता आक्काची ओळख करून देते, कारण तिच्यावाचून ही गोष्ट पुढे सरकत नाही. आक्का आमच्याच बाजूची, पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली. नवरा गेलेला, मुलगा मुंबईत एका खोलीत बायकापोरांसह. आंब्याच्या दिवसांत बिरवाडीच्या आणि आमच्या वाड्यांवरच्या बायका कंपनीच्या हॉलमध्ये फोडी करायला यायच्या, त्यांची ही पुढारी. हंगाम संपला की जूनमध्ये सगळ्यांना घरी. बाकीच्या बायकांना घर होतं, माणसं होती. आक्का भाताची लावणी उरकायची आणि पिशवी भरून मुंबई गाठायची, लोकांची भांडी घासायला. सुनेच्या संसारात कोपऱ्यात निजायचं आणि पहाटे परक्या घरची खरकटी काढायची. जाताना कोल्डरूमच्या दाराशी येऊन सांगायची, "चाचा, येते. जगले वाचले तर आंब्याला भेटू."

 त्या दिवशी चाचा सगळ्यांवर जरा जास्तच ओरडायचे.

एका जूनमध्ये त्यांनी ओरडण्याऐवजी वेगळंच केलं. आक्काकडून उकडीचा एक मोदक करून घेतला, बशीत घालून शेठच्या टेबलावर नेऊन ठेवला. शेठना साखरेचा त्रास. ते म्हणाले, "अहो चाचा, मला चालत नाही."

"खायला नाय, बघायला हाय. कळ्या बघा. एकवीस मोजून घ्या. ह्या दुबईत कोण काढणार?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोदक. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चाचांचा हिशेब सरळ होता. तिकडे आपले लोक फ्लॅटमध्ये गणपती बसवतात, आणि मोदकाला नाक मुरडतात कारण मिळतो तो खव्याचा. उकडीचा करायला बाईला वेळ नाही, हात नाही. इकडे हात रिकामे बसलेत. मध्ये फक्त समुद्र आहे, आणि समुद्राचं चाचा बघून घेतील. शेवटी शेठ कंटाळले असावेत, किंवा त्यांनी एखादा मोदक चोरून खाल्ला असावा. मला चोरून खाल्ल्याचाच संशय आहे. त्यांनी चाचांना बोलावून सांगितलं, "एक कंटेनर. लावणी झाली की बायका बोलवा. गणपतीच्या आत माल दुबईत पोचला, न फुटता, न विरघळता, तर दरवर्षी पावसात हॉल चालू. नाहीतर पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

श्रावणात हॉल मोदकांच्या वाफेनं भरला. सकाळी आत शिरलं की चष्म्यावर धुकं. आक्का उकड मळायची आणि बायका कळ्या काढायच्या, आणि चाचा मागे हात बांधून परीक्षकासारखे फिरायचे. "ह्याचं नाक वाकडं हाय. ह्याला मान नाय. हा कोणी केला? हा मोदक हाय का कांदा?"

"चाचा, तुमी एक करून दावा!" एक बिरवाडीची पोरगी म्हणाली.

चाचांनी हात धुतले, बाह्या सारल्या आणि बसले. जे काही झालं त्याला आम्ही कुणी नाव देऊ शकलो नाही. आक्कानं ते उचलून बघितलं आणि म्हणाली, "ह्याला काय देवाफुडं ठेवायचं नाय. देव उठून जायचा." चाचा सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्या दिवसानंतर त्यांनी मोदकांच्या नाकांना नावं ठेवणं सोडलं असं मात्र समजू नका.

मग भरणीचा दिवस आला. पाऊस असा की समोरचं गेट दिसेना. सावित्री फुगलेली, एमआयडीसीची वीज सकाळीच गेलेली. कंपनीचा जनरेटर कोल्डरूम कसाबसा धरून होता, म्हणून कंटेनर ट्रेलरच्या जनरेटरवर लावला. दुपारपर्यंत शेवटची खोकी चढली. जहाज दुसऱ्या दिवशी न्हावा-शेवा बंदरातून सुटणार होतं, बंदराचं गेट त्याआधी बंद होणार. हे हुकलं तर पुढचं जहाज गणपती झाल्यावर. शेठ स्वतः सील लावायला यायचे होते, पहिल्या मोदकांचा फोटो काढायचा होता त्यांना. हमाल चहाला गेले, चाचा जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाला गेले.

परत येतात तो कंटेनरचं एक पाखं उघडं. संपलंच! "कुणाच्या बापाची हवा हाय ही!" करत चाचा पावसातून धावले, धाडकन दार लोटलं, दांडे फिरवले, आणि मगच श्वास घेतला. आत डोकावले नाहीत. सांगितलं ना मी, दार उघडं दिसलं की त्यांना पुढचं दिसत नसे.

दार लागून थोडा वेळ झाला असेल नसेल, ट्रेलरचा जनरेटर खोकला, दोनदा हिसके दिले आणि गप्प झाला. पट्टा तुटला होता. मेकॅनिक माणगावला, रस्त्यावर पाणी. "येतो, पण कधी ते विचारू नका," म्हणाला. कंटेनरचा स्क्रीन काळा पडला. आत किती अंश, मोदक जिवंत का मेले, सांगायला काही साधन उरलं नाही.

शेठ छत्री घेऊन पोचले ते या घोळात. त्यांचा चेहरा पांढरा झाला. "उघडा. उघडून बघू माल कसा आहे ते."

चाचांनी स्टूल आणलं. बंद दारासमोर ठेवलं, आणि पाठ दाराला टेकवून त्यावर बसले. वरून पाऊस. माकडटोपीतून पाणी ठिबकत होतं.

"उघडायचं नाय."

"चाचा, अहो, बघायला नको?"

"बघून काय करणार? बघितल्यानं थंडी वाढते? ही भिजकी हवा आत शिरली की खोक्यांवर दव धरंल, त्याचा बर्फ होईल, मोदकांना चिरा पडतील. दार लागलंय तोवर ती आपली थंडी धरून हाय. तिला धरू द्या."

तेवढ्यात हॉलच्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या बायकांमधून आक्का पुढे आली. पदर डोक्यावर ओढलेला. 

"चाचा, रागावू नका. आत ओटी हाय."

"काय हाय?"

"ओटी भरली आमी तिची. तुमी नमाजाला गेलेलात तवा. खण, नारळ, मूठभर तांदूळ, सुपारी. खणात बांधून दाराशी ठेवलीय. पयलीच येळ हाय, येवढ्या लांब चाललीय. तशी कशी धाडायची वो?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे लेक उंबरा ओलांडते ती भरल्या ओटीनं, हे मला का माहीत नव्हतं? माझ्या आईनं मला बिरवाडीच्या खोलीत धाडतानाही ओटी भरली होती. पण हा परदेशी जाणारा खाण्याचा माल! कागदावर नसलेला तांदळाचा दाणा सापडला तरी तिकडचे तपासणीवाले अख्खा कंटेनर अडवून ठेवतात. चाचा तर भरणीआधी हमालाच्या कानामागची विडीसुद्धा काढून घ्यायचे.

शेठ ओरडलेच. "आता तर उघडायलाच हवं! काढा ते बाहेर! कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?"

आक्का तोंडाला पदर लावून रडायला लागली. सगळ्या बायकांचे चेहरे उतरले. एका खणापायी पुढच्या सगळ्या पावसाळ्यांचं काम चाललं होतं, आणि तिला ते कळत होतं.

चाचा उठतील असं मला वाटलं. एवढा कडक माणूस. ते उठले नाहीत. आक्काकडे वळून त्यांनी विचारलं, "नारळ सोललेला का शेंडीचा?"

"शेंडीचा." आक्का हुंदक्यात म्हणाली.

"बरं." मग शेठकडे वळले. "ओटी भरून निघालेल्या लेकीला उंबऱ्यावरनं मागं बोलवून कोण ओटी काढून घेतो काय? जाऊ दे. आता उघडलं तर मोदक नक्की मरतील. नाय उघडलं तर कदाचित अडवतील. नक्कीपेक्षा कदाचित बरं."

"आणि अडवलं तर?"

"तर माझं नाव सांगा. दार मी लावलं, आत न बघता. ओटी बायांनी भरली, पण दार माझं होतं."

स्टूलवरून ते हलले नाहीत. बायका आळीपाळीनं त्यांच्यावर छत्री धरून उभ्या राहिल्या. मी दोनदा चहा दिला, तो त्यांनी पावसाचं पाणी पडून भरलेल्या कपातून तसाच प्यायला. चिखलानं माखलेला मेकॅनिक एकदाचा मोटरसायकलवरून उगवला, पट्टा बसला, जनरेटर धडधडला. कंटेनरचा स्क्रीन लुकलुकायला लागला. चाचांनी डोळे मिटून घेतले.

"बोल गो. काय म्हणतेय ती?"

मी स्क्रीनवरचं पाणी पुसून वाचलं. "उणे पंधरा."

"पंधरा म्हंजे झोपल्यात पोरी. जाग आली नाय कुणाला." त्यांनी पत्र्यावर थाप मारली. "चल गो बाय. सांभाळून जा." सील लागलं, ट्रेलर पाणी कापत गेटबाहेर गेला. आक्कानं कानशिलावर बोटं मोडली.

शेठचं म्हणणं होतं, आता गप्प बसायचं. नशिबात असेल तर कुणाच्या नजरेस पडणार नाही. चाचांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर दुबईच्या गोदामवाल्या मलबाऱ्याला फोन लावला. तो यांचा जहाजावरचा जुना सोबती. "सुन, मेरी लडकी आ रही है तेरे पास. उसकी गोद में नारियल है, चावल है. तू पहले साहब को बोल, बाद में दरवाजा खोल. साहब को खुद दिखा तो चोरी, तूने बोला तो रिवाज." मग रिवाज काय ते समजावण्यात बराच वेळ गेला. फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "खोटं उणे अठरावर पण टिकत नाय."

त्यानंतरचे दिवस! हॉलला कुलूप, बायका घरी. मुलाचे मुंबईहून फोन येत होते तरी आक्का गेली नाही. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, असं तिच्या शेजारणीनं सांगितलं. ती काहीतरी निमित्त काढून कंपनीत यायची. आज काय डबा विसरला, उद्या काय चप्पल राहिली. चाचांना विचारायची हिंमत नव्हती, नुसती कोल्डरूमच्या दाराकडे बघून जायची. चाचांचा आवाज बसला होता. कुणी दार उघडं टाकलं तर स्वतः उठून लावायचे, ओरडायचे नाहीत. त्याचीच आम्हाला जास्त भीती वाटायची.

फोन आला तेव्हा घरोघर गणपतीच्या मखरांची तयारी चालू होती. चाचांनी स्पीकर लावला. मलबारी म्हणत होता, साहेबानं कंटेनर रोखला होता, एकेक खोकं फोडून तपासलं, माल चांगला गोठलेला, एकही मोदक फुटलेला नाही, सगळा माल दुकानांत गेलासुद्धा. नारळ, तांदूळ, खण मात्र जप्त करून नष्ट केलं. सक्त ताकीद दिलीय, पुन्हा असं दिसलं तर सगळा माल परत.

आक्का दारातच उभी होती. "नष्ट म्हंजे काय केलं वो?"

"जाळलं," चाचा म्हणाले. "होळीत नारळ घालतो ना आपण? तसं समज."

आक्कानं मान हलवली. मग खाली बसली आणि मोकळेपणी रडली, आणि रडता रडता मला म्हणाली, "जा गो, कोणाला तरी सांग माझी पिशवी दारातनं आत घ्यायला."

शेठनं शब्द पाळला. पावसात हॉल चालू झाला तो झाला. एकच अट होती. कंटेनरमध्ये ओटी नाही.

पुढच्या श्रावणात दुसरा कंटेनर भरला. दार लागलं, सील लागलं, आणि बायका हटेनात. रांगेत उभ्या, आक्काच्या हातात सूप, सुपात खण-नारळ-तांदूळ. ट्रेलरवाला हॉर्न वाजवतोय. शेठ म्हणाले, "अहो, ठरलंय ना आपलं?"

"आत ठेवत नाय आमी," आक्का म्हणाली. "पण रिकाम्या ओटीनं नाय जायची ती. काय ते तुमीच सांगा."

 तेव्हा चाचांनी हनुवटीखालचं बटण काढलं, आणि माकडटोपी डोक्यावरून ओढून काढली.

इतक्या वर्षांत ते डोकं कुणी पाहिलं नव्हतं. टक्कल असणार अशी पैज होती, खोक असणार असंही काहींचं मत होतं. आत दाट, मेंदीनं लालभडक रंगवलेले केस निघाले, एखाद्या नवरदेवासारखे. कुणीतरी फिस्सकन हसलं. चाचांनी तिकडे लक्ष दिलं नाही. टोपी उलटी केली, दोन्ही हातांनी कंटेनरच्या दाराशी धरली, आणि म्हणाले, "टाक. तिच्या वतीनं मी घेतो."

आक्का गोंधळली. "चाचा, तुमाला चालंल?"

"मी जहाजावरचा माणूस हाय गो. दुसऱ्याचं सामान सांभाळून पोचवतो, कोणाचं हाय ते विचारत नाय."

आक्कानं तांदूळ टाकले, नारळ ठेवला, वर खण. बाकीच्या बायकांनीही चिमूट चिमूट टाकली. टोपी फुगून घटासारखी झाली. ट्रेलर हलला तशी चाचांनी भरली टोपी छातीशी धरली, आणि गेट ओलांडेपर्यंत तसेच पावसात उघड्या लाल डोक्यानं उभे राहिले.

दरवर्षी मग तसंच. नारळ चाचीच्या कालवणात जायचा, खणांचे तिनं उशीचे अभ्रे शिवले. निवृत्त झाल्यावरही चाचा त्या एका दिवसासाठी यायचे. बसमधून उतरायचे ते स्वेटर-टोपीतच, आणि आल्या आल्या कुणावर तरी ओरडायचे.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. मी भेटायला गेले तेव्हा चाची भिंतीला टेकून बसली होती.  मला बघून ती उठली, तो न जोडलेला फ्रिज उघडला, आणि कपड्यांच्या चवडीतून माकडटोपी काढून माझ्या हातात दिली. "तुझ्याकडंच देऊन ठेवायला सांगितलंनी. मी धुतली नाय गो. हात होईना." डांबरगोळ्यांचा वास येत होता. शिवणीत तांदळाचा एक दाणा अडकलेला होता, थोडी हळद लागलेला. मी तो काढला नाही.

आता कोल्डरूम माझ्याकडे आहे. या श्रावणात कंटेनर भरला, दार लागलं, सील लागलं. आक्का आता काठी घेऊन चालते, मोदक करत नाही, पण उकड अजून तिच्याच देखरेखीखाली मळली जाते. ती सूप घेऊन आली, मागे बायका. आली आणि दाराशी थांबली. चाचा टोपी धरून उभे राहायचे त्या मोकळ्या जागेकडे सगळ्या बघत उभ्या राहिल्या. 

मी पिशवीतून माकडटोपी काढली आणि उलटी करून पुढे धरली.

आक्कानं ती ओळखली. पहिली मूठ टाकताना तिचा हात टोपीच्या कडेवर जरा थांबला. मग नारळ, मग खण. टोपी जड झाली. ट्रेलर निघाला, गेटच्या वळणावर दिसेनासा झाला, आणि आम्ही सगळ्याजणी डोळे पुसत वळलो तर काय, कोल्डरूमचं दार सताड उघडं! थंडीचे लोट बाहेर पडताहेत आणि नवीन लागलेल्या दोन पोरी दारातच उभ्या राहून आमची मजा बघताहेत.

"दार लावा गो!" मी ओरडले. असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. "बाहेरची हवा तुमच्या बापाची हाय, आतली चाचांची हाय!"